अवघड पान: कागदावर की स्क्रीनवर?

समजा, कॉमिकचं पान असं आहे: दादरचा फूलबाजार, पहाटेचा अंधार, पाऊस, पुलाखाली गर्दी, पिवळे बल्ब आणि ओल्या रस्त्यावर पसरलेला त्यांचा उजेड. वरची निम्मी जागा एकाच मोठ्या चौकटीची, खाली चार लहान चौकटी. हे शाई आणि जलरंगात करायचं की टॅब्लेटवर? आधी एवढं ठरवा की हे पान नेमकं कुठे अडतंय, गर्दीत की उजेडात.

गर्दीसाठी मी कागदाच्या बाजूने आहे. ए-थ्री कागदावर सगळं पान सतत नजरेसमोर असतं. पुढचा पाटीवाला जाड रेघेत, मागची माणसं बारीक होत होत नुसती डोकी, हे आपोआप जमत जातं. टॅब्लेटवर आपण झूम करून मागच्या टोपलीतल्या झेंडूची पाकळी न् पाकळी काढत बसतो आणि छापल्यावर तिथे काळा डाग दिसतो. पुलाचे खांब आणि तुळया मात्र टॅब्लेटवर सोप्या. क्लिप स्टुडिओ या चित्रकलेच्या ॲपमधली पर्स्पेक्टिव्ह पट्टी किंवा क्रिटा या दुसऱ्या ॲपमधले असिस्टंट, म्हणजे रेघेला दिशा देणारे मार्गदर्शक, रेघ चळू देत नाहीत.

रंगांचं गणित उलटं आहे. जलरंग फिकटाकडून गडदाकडे जातात, त्यामुळे बल्बचा उजेड म्हणजे मुळात न रंगवलेला कागद. तो आधीच मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या द्रवाने, झाकून ठेवायचा आणि भोवती अंधार चढवायचा. काही निळे रंग कागदात असे मुरतात की नंतर ओल्या ब्रशने उचलायला गेलं तरी डाग राहतोच. शाई वॉटरप्रूफ हवी आणि खडखडीत वाळलेली हवी, नाहीतर पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या हाताला, झेंडू राखाडी होतो. त्यात कागदाचं भांडण वेगळंच. खरखरीत जलरंग-कागदावर वॉश छान बसतो, पण निब अडकते आणि शाईचे शिंतोडे उडतात. गुळगुळीत हॉट-प्रेस कागदावर निब सुरेख पळते, पण वॉशच्या कडा कडक राहतात.

स्क्रीनवर हेच पान आधी भर दिवसाचं रंगवता येतं. रेघांचा लेयर (पारदर्शक थर) वर, मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग झाकून न टाकता गडद करेल असा. खाली फ्लॅट्स, म्हणजे प्रत्येक आकाराचा सपाट रंग. ते भरताना अँटी-एलियासिंग (कडा मऊ करण्याची सोय) बंद ठेवा, म्हणजे पुन्हा सिलेक्ट करताना कडेला फिकट झालर उरत नाही. मग सगळ्यावर गडद निळ्याचा एक मल्टिप्लाय लेयर टाकला की रात्र झाली, आणि त्याच्याही वर बल्ब. संपादक म्हणाले, ‘थोडं उजाडू द्या’, तर एका लेयरची अपारदर्शकता कमी करायची, बस्स. जलरंगात अशा वेळी नवा कागद घ्यावा लागतो.

फसगत इथेही आहे. स्क्रीनवर लखलखणारा निळा छपाईच्या चार शायांमध्ये तसा येतच नाही, मळकट किंवा जांभळट होतो. सीएमवायके प्रूफ, म्हणजे याच चार शायांतला नमुना, काढल्याशिवाय रात्रीचं पान पाठवू नये.

म्हणून अशा पानाला माझं मत तिसऱ्या वाटेला: रेघ कागदावर, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन, रंग संगणकावर. ही विभागणी नवी नाही. फ्रान्स-बेल्जियमच्या कॉमिक्समध्ये काळी रेघ वेगळ्या फिल्मवर ठेवून रंग तिच्या फिकट निळ्या छापावर भरत. खर्चही आवाक्यात राहतो. क्रिटा फुकट आहे, रंगकामाला स्क्रीन नसलेला साधा पेन-टॅब्लेट पुरतो. प्रोक्रिएट हे ॲप एकदाच विकत घ्यावं लागतं, पण ते आयपॅडशिवाय चालत नाही, आणि जुन्या आयपॅडवर फार मोठा कॅनव्हास उघडलात तर लेयर मोजकेच मिळतात.

संपूर्ण जलरंग कधी? मूळ पान विकायचं किंवा प्रदर्शनात लावायचं असेल तेव्हा. आणि हातात निवांत वेळ असेल तेव्हाच.

संवादांच्या फुग्यांतला मजकूर कुठल्याही पद्धतीत चित्रावर लिहू नका, वेगळ्या लेयरवर ठेवा. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकारांची जागा लागते, म्हणून फुगे पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यातच मोठे धरा. अक्षरं फक्त काळ्या शाईत छापली जातील असं बघा. चारही शाया मिळून केलेला काळा असला, तर छपाईत एखाद्या शाईची प्लेट जराशी सरकली तरी अनुस्वाराला रंगीत सावली पडते.