निर्गुडीची रोपे: सिरपूर तलावाच्या वाटेवरील रोपवाटिका

२०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेल्या सिरपूर तलावाच्या वाटेवर, इंदुरात, एक लहानशी रोपवाटिका असून, ओढ्याकाठी आपसूक वाढणारी निर्गुडी तिथे चाळीस रुपयांना मिळते. शोभेच्या विदेशी झुडपांच्या गर्दीत ही देशी जात ठेवल्याबद्दल मालकांचे कौतुकच करावे लागेल. रोप अस्सल होते: पाच पर्णिका, खालून पांढुरकी लव आणि पान चुरगाळताच येणारा उग्र वास. अंगणातील पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात, माळव्याच्या काळ्या मातीत ते विनातक्रार रुजले आणि निळसर-जांभळ्या तुऱ्यांवर आता मधमाश्या व फुलपाखरे सतत असतात. गुरे या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणालाही ते सोयीचे आहे.

तक्रार एवढीच, की पिशवीतील मुळे गोल गुंडाळली गेली होती, ती हलक्या हाताने सोडवूनच रोप लावावे लागले. शिवाय विक्रेत्याने रोज पाणी घालण्याचा सल्ला दिला, जो रुजलेल्या निर्गुडीला अनावश्यक आहे. फांदीच्या कलमानेही ती सहज वाढते, तेव्हा एकच रोप घेतले तरी पुरते.