साताऱ्यातील उन्हाळी फुटबॉल शिबिर: फलकावर एक सर, मैदानात दुसरे

साताऱ्यातील एका महाविद्यालयाच्या मैदानावर भरलेल्या उन्हाळी फुटबॉल शिबिरात माझा 11 वर्षांचा मुलगा महिनाभर जात होता. फलकावर छायाचित्र मुख्य प्रशिक्षकांचे होते, परंतु ते उद्घाटनाला आणि समारोपाला तेवढे दिसले. मधले सगळे दिवस महाविद्यालयीन संघाच्या सहायक प्रशिक्षकांनीच निभावले. सकाळी सहाला आम्ही पोहोचायचो तेव्हा सर फक्कीने आखणी उरकून एकेका चेंडूतील हवा अंगठ्याने दाबून पाहत असायचे. लहान मुलांना त्यांनी 4 क्रमांकाचाच चेंडू दिला, कारण 410 ते 450 ग्रॅम वजनाचा 5 क्रमांकाचा चेंडू कोवळ्या पायांना जड जातो, हे त्यांनी पालकांनाही समजावले. माझ्या मुलाचा डावा पाय केवळ उभे राहण्यापुरता होता. त्या पायाच्या आतल्या बाजूने भिंतीवर रोज पन्नास पास मारायला लावून त्यांनी तो चालता केला. (त्याच्या खुणा आता आमच्या जिन्याच्या भिंतीवरही आहेत.)

सरांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना आहे. पुढे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ अशी चढण असून, तुटपुंज्या मानधनात तिच्यासाठी रजा आणि पैसा जमवणे किती अवघड आहे, हे त्यांनी एकदाच हसत सांगितले.

पाण्याची सोय नव्हती आणि प्रथमोपचार पेटीत कापसाखेरीज काही नव्हते. पुढच्या वर्षी नाव घालण्याआधी हेच सर आहेत ना, एवढे मी विचारून घेणार आहे.