ताग घ्यावा की काच?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझ्या भाच्याचा छोटा कारखाना आहे. टाक्यांची झाकणं आणि दारांचे पॅनेल तो काचेच्या तंतूंच्या मॅटवर रेझिन (सुकून कडक होणारं चिकट रसायन) ओतून करतो. परवा विचारत होता, “मामा, तागाची मॅट वापरून पाहू का?”

आधी ताकद. काचेचा तंतू साधारण 2000 ते 3500 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) इतका ताण सोसतो, तागाचा 400 ते 800. पण काच तागाच्या जवळपास पावणेदोन पट जड. तेवढ्याच वजनात तागाचा पॅनेल जाड होतो, आणि जाडी दुप्पट झाली की तो वाकायला आठपट जोर लागतो. दाराला नेमकं हेच हवं.

खरी अडचण पाण्याची. ताग पाणी पितो, फुगतो आणि रेझिनपासून सुटतो. कापलेली कड उघडी राहिली तर सुरुवात तिथूनच. कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात धुऊन नीट वाळवला की पकड सुधारते, पण बडोद्याच्या श्रावणात मॅट वाळवणं म्हणजे वेगळा उद्योगच. शिवाय पीक बदलतं, तशी ताकदही गठ्ठ्यागणिक बदलते.

काच मात्र कापणाऱ्या पोरांच्या अंगाला खाजते, तिची धूळ घशात जाते. मला हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा टाकीचं झाकण, छतावरचा पत्रा, उन्हापावसात राहणारं काहीही काचेतच कर. घरातलं दार, कपाटाची पाठ, गाडीच्या दाराचं आतलं अस्तर यांना ताग पुरतो. फक्त कडा रेझिनने बंद कर.