ब्रिटानियात जाताय? शेठ नाहीत, पुलाव आहे

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ या पारशी हॉटेलाबद्दल लिहायचं आणि बोमन कोहिनूर यांचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. हॉटेल 1923 साली त्यांच्या वडिलांनी काढलं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी शेठ गेले. नव्वदी ओलांडल्यावरही दुपारच्या गर्दीत टेबलाटेबलावर फिरून ऑर्डर घेत होते.

मी गोदीच्या ऑफिसात होतो. बोनस झाला की आमची टोळी तिकडे निघायची. जाड चष्मा, जरा वाकलेली पाठ, हातात वही. म्हातारा आधी गाव-घर विचारायचा, मग आपण काय खायचं ते स्वतःच ठरवून टाकायचा. उकाड्यावर उतारा म्हणून गोड फ्रेश लाइम सोडा घ्याच, हा आग्रह ठरलेला. गिऱ्हाईक नवखं दिसलं की लॅमिनेट केलेले कागद बाहेर यायचे. त्यात इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र!

माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळे राणीचं हे कौतुक मला काही पचायचं नाही. पण त्याच हॉटेलात राणीच्या जोडीला गांधीजींचीही तसबीर. आता वाद घालायचा तरी कशावरून? 2016 मध्ये विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा ताजमध्ये शेठची त्यांच्याशी भेट झाली. पेपरातला तो फोटो बघून, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

आता जेवणाचं. गप्पा शेठच्या, पण ज्याच्यासाठी रांग लागते तो बेरी पुलाव त्यांच्या पत्नीचा, बचनबाईंचा. नोकरीनिमित्त त्या इराणमध्ये होत्या. तिथला पदार्थ त्यांनी इथे आणला आणि आपल्या जिभेला रुचेल असा मसाला घालून बसवला. या बेरी म्हणजे इराणी झेरेश्क, आपल्या दारुहळदीच्या कुळातलं झुडूप. फळ डाळिंबाच्या दाण्याहून लहान, सुकवलेलं, लालचुटूक आणि चांगलंच आंबट. प्लेटीत वर मोकळा भात, त्यावर तळलेला कांदा, काजू आणि या बेरी. मटण आणि रस्सा खाली दडलेला. नवखे लोक वरवरचा भात खाऊन ‘कोरडा आहे’ म्हणतात. अहो, चमचा तळापर्यंत घाला! खालचा तिखट रस्सा, कांद्याचा गोडवा आणि मध्येच दाताखाली आलेली आंबट बेरी एका घासात यायला हवी. चिकनचाही मिळतो, पण माझं मत मटणाला.

सल्ली बोटी, म्हणजे पारशी पद्धतीचं रस्सेदार मटण, तीही चांगली. वरची सल्ली, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या, मऊ पडायच्या आत संपवा. डाळ-मटणाचं धनसाक मात्र ऑफिसला परत जायचं असेल तर नको, डोळे मिटायला लागतात.

स्वस्त म्हणता येणार नाही. जुन्या लाकडी खुर्च्या, उंच छत, झगमगाट नाही. पॉश काही शोधत असाल तर हिरमोड होईल. घरचीच माणसं हॉटेल चालवतात. गप्पा मारायला शेठ नाहीत, तेव्हा सोबत बोलकी माणसं न्या. चौघांत तीन पुलाव पुरतात. चौथ्याच्या पैशांत बोंबील फ्राय आणि कॅरामल कस्टर्ड सांगा.