जॉलाइन फिलर, सात महिन्यांनंतर: चेहरा ठीक आहे, स्टिकर कुठाय?

दिवाळीत हे लिहिलं असतं तर दहा ओळींत आटोपलं असतं आणि दहाही कौतुकाच्या निघाल्या असत्या. तेव्हा आळस केला. जानेवारीत डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली, एका रात्रीत गाल टम्म फुगला, आणि डेंटिस्टनं जबडा चाचपत विचारलं, "इथे काही भरून घेतलंय का?"

"फिलर."

"ते कळलं. कुठलं?"

मला सांगता येईना. जबड्याला आकार यावा म्हणून ९९,१२० रुपये मोजून सुईनं स्वतःच्या चेहऱ्यात भरून घेतलेल्या जेलचं नाव मला माहीत नव्हतं. पुढचं सगळं त्या एका प्रश्नापायी लिहितोय, बाकीची माहिती ओघात येईल.

आधी कारण. अकरा वर्षं दाढी होती. अण्णा गेले तेव्हा दहाव्याला उतरवली. घाटावरून परतताना काका म्हणाले, "अगदी अण्णांची हनुवटी घेतलीस रे." अण्णांना हनुवटी जवळजवळ नव्हतीच. ओठाखाली जो उतार सुरू व्हायचा तो थेट गळ्याशी जाऊन थांबायचा. काका प्रेमानं म्हणाले होते, पण ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मला दुसरं काही दिसेना.

डॉक्टर एमडी त्वचारोग. हे बघूनच गेलो होतो, तेवढी अक्कल होती. त्यांनी समोरून, बाजूनं, तिरके असे फोटो काढले आणि पहिल्यांदा मला नको ते सांगितलं: गळ्याखालची चरबी फिलरनं जात नाही, ती झाकायला जबडा भरत बसलात तर चेहरा नुसता जड होतो. जबडा स्नायूमुळे रुंद असेल तर त्याला स्नायू सैल करणारं बोटॉक्स, फिलर नव्हे. माझी अडचण हनुवटी मागे असण्याची होती, म्हणून एक सिरिंज हनुवटीत आणि बाकीच्या कानाखालच्या कोपऱ्यांत. डॉक्टर पाच म्हणाल्या, मी दोन म्हणालो, मंडईत जुडीचा भाव करावा तसे तीनवर आलो. हे आज पटत नाही. पुरुषाच्या जबड्याला माल जास्तच लागतो, आणि पैसे नसतील तर थांबावं, घासाघीस करू नये. पण तेव्हा मी जिंकल्याच्या आनंदात होतो.

एक सिरिंज १ मिलीची. चहाचा चमचा ५ मिलीचा. म्हणजे तीन सिरिंज पिळल्या तरी चमचा भरत नाही. एकीचे २८,००० प्रमाणे ८४,०००. वर जीएसटी. "उपचारांवर जीएसटी नसतो," असं मी बायकोला छातीठोक सांगून निघालो होतो. दुखण्यावरच्या उपचारांवर नसतो. देखणं होण्यावर मला १८ टक्के लागला, १५,१२० रुपये. मेडिक्लेमचं नाव काढू नका. टिकायची मुदत बारा ते अठरा महिने सांगितली होती. बाराच धरले तर महिन्याला ८,२६० पडतात, आणि हा हिशेब बायकोनं मला न विचारता करून फ्रिजवर लावला.

प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. त्याआधी सुन्न करणारी क्रीम लावून अर्धा तास बसवतात, आणि फिलरमध्येही भुलीचं औषध मिसळलेलं असतं. दुखत फारसं नाही, पण आत काहीतरी सरकतं आणि करकरल्यासारखा आवाज कानात येतो. तो आवाज कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. कोपऱ्यात हाडाला टेकवून सुईनं दिलं, कडेच्या रेषेत कॅन्युलानं, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक नळीनं. का, ते स्वतःच बघा. दात आवळा, गालाच्या मागच्या बाजूला स्नायू फुगेल, त्याच्या पुढच्या कडेला जबड्याच्या हाडावर बोट ठेवा. नाडी लागते. चेहऱ्याची मुख्य रोहिणी तिथून वर चढते. फिलर तिच्यात गेलं तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुंबतो, कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. कातडी पांढरी पडली, जाळीसारखे जांभळे डाग दिसले, दुखणं वाढत चाललं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच डॉक्टरांना उठवायचं. नजरेत काही फरक वाटला तर थेट हॉस्पिटल.

यावरचा उतारा म्हणजे हायल्युरोनिडेज. हायल्युरॉनिक ॲसिड या जेलसारख्या द्रव्याचं फिलर विरघळवणारं एन्झाइम. ते क्लिनिकमध्ये हजर आहे का, हे इंजेक्शनच्या आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं की कार्डनं दिल्यावर दोन टक्के लागतील का.

पहिले तीन दिवस गालगुंड झाल्यासारखा दिसत होतो. आठवडाभर ज्वारीची भाकरी चावताना जबडा दुखे, वरण-भातावर काढले. दाबायचं नाही, मालिश नाही, जिम नाही, दोन आठवडे डेंटिस्टची खुर्ची नाही. आणि हेल्मेट? तोंड झाकणारं हेल्मेट डोक्यात घालताना नेमकं दोन्ही जबड्यांवर घासतं. पुण्यात दुचाकीवाल्या माणसाला हे आधी सांगायला नको? मी घरी आलो तोच हेल्मेट घालून. पुढचे दहा दिवस रिक्षा, ते पैसे वर धरलेले नाहीत. लग्नकार्याच्या आदल्या आठवड्यात हे करायचं मनात असेल तर करू नका, महिनाभर हातात ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण हृदयासाठीची ॲस्पिरिन आपल्या मनानं बंद करू नका.

निकाल मात्र छान होता. दिवाळीत नातेवाइकांनी "बारीक झालास का?" एवढंच विचारलं. कोणाला कळलं नाही, आणि तेच हवं होतं. कळलं फक्त केस कापणाऱ्याला. वस्तरा फिरवता फिरवता थांबला आणि म्हणाला, "साहेब, डावीकडे हाड जरा जास्त आहे. पूर्वी नव्हतं." डॉक्टरांनी तपासणीच्या दिवशी दोन्ही बाजू सारख्या असल्याचं सांगितलं होतं. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला. इथपर्यंत पाचपैकी साडेचार.

आता जानेवारी. डेंटिस्ट म्हणाले, दाढेच्या मुळाशी पू आहे, पण वरची सूज नुसती दाढेची की फिलरही चिडलंय, हे त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. शरीरात कुठे जंतुसंसर्ग झाला की महिन्यांनंतरही फिलरच्या जागी सूज येऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या डॉक्टर परगावी होत्या, म्हणून दुसरीकडे गेलो. त्यांचाही पहिला प्रश्न तोच. कारण सगळी फिलर्स एक नसतात. हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर विरघळवता येतं, कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचं असेल तर हायल्युरोनिडेज त्यावर चालत नाही. ओठांचं मऊ, जबड्याचं ताठ. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) जबड्याच्या रेषेसाठी म्हणून फिलरला मान्यता दिली ती थेट ऑगस्ट २०२२ मध्ये, ज्युव्हेडर्म व्होलक्सला. त्याआधी आणि त्यानंतरही जबड्यात काय काय घातलं जातं, याचा अंदाज बांधून कोणी सुई उचलत नाही. त्यात एमआरआयमध्ये काहींच्या चेहऱ्यात हे द्रव्य वर्षानुवर्षं टिकलेलं दिसलंय. म्हणजे मुदत संपली तरी नाव लागणारच.

माझ्या पावतीवर काय होतं? "फेशियल एस्थेटिक प्रोसिजर, नग ३." नग!

खोक्यात सिरिंजबरोबर सोलून काढायचे स्टिकर येतात. नाव, लॉट नंबर, मुदत. एक डॉक्टरांच्या फाइलला, एक तुमच्या कागदाला, यासाठीच. क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "सर, ते आमच्या रेकॉर्डसाठी असतं." अहो, तीन हजारांचा मिक्सर घेतला तरी बुडाला सिरियल नंबर असतो, आणि वॉरंटी कार्डावर दुकानदार तो स्वतः लिहून देतो. दुसऱ्या फोनवर "मॅडम आल्या की सांगते." तिसऱ्यावर "सिस्टिममध्ये दिसत नाहीये."

मग मी कागद काढला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे: रुग्णानं आपली वैद्यकीय कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची. त्याच नियमांत हेही आहे की डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पैशाच्या पावतीवरसुद्धा हवा. माझ्या पावतीवर तोही नव्हता. दोन ओळींचा अर्ज लिहिला, सुजलेल्या तोंडानं जाऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच म्हटल्यावर त्या मुलीचा चेहरा बदलला. शिक्का शोधायला दहा मिनिटं लागली, मी उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. माझ्या फाइलच्या आतल्या पानावर तीन स्टिकर ओळीनं चिकटवलेले. सगळे हायल्युरॉनिक ॲसिडचे, एकाच कंपनीचे, मुदतीतले, हनुवटीचं आणि जबड्याचं वेगळं. पाठोपाठ डॉक्टरांचा फोन. त्यांनी माफी मागितली आणि सूज कशी आहे, हे आधी विचारलं. मला ओशाळल्यासारखं झालं, कारण तोवर मी मनातल्या मनात त्यांना बनावट माल विकणारी ठरवून मोकळा झालो होतो. खोकं माझ्यासमोर फोडलं होतं का, हेही मला आठवत नाही. क्रीम लावून डोळे मिटून पडलो होतो. त्यामुळे आता माझं म्हणणं असं: डॉक्टर उत्तम, रेकॉर्ड चोख, आणि ते रेकॉर्ड माझ्यापासून लपवून ठेवायची पद्धत भिकार. पाचपैकी साडेतीन. तुम्ही खोकं डोळ्यांसमोर फोडायला सांगा आणि स्टिकर हातात पडल्याशिवाय कार्ड पुढे करू नका.

सूज नऊ दिवसांत उतरली, अँटिबायोटिक आणि रूट कॅनालनं. डावीकडे मटाराएवढी गाठ राहिली. मधमाशी चावल्यावर कधी जास्त त्रास झालाय का, असं दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं (त्या ॲलर्जीचं या एन्झाइमशी नातं आहे), हातावर चाचणी घेतली आणि थोडंसं हायल्युरोनिडेज टोचलं. ३,५०० रुपये. दोन दिवसांत गाठ गेली, तिच्याबरोबर थोडं चांगलं फिलरही गेलं. म्हणजे भरायला पैसे आणि काढायलाही.

गेल्या रविवारी केस कापायला गेलो. त्यानं दोन्ही जबड्यांवरून वस्तरा फिरवला आणि म्हणाला, "आता बरोबर झालं."

आईला सगळं उशिरा सांगितलं. तिच्या गुडघ्यात गेल्या वर्षी दिलेलं इंजेक्शन म्हणजे हेच द्रव्य, असं म्हटल्यावर तिचा राग निम्म्यावर आला. "त्यात मांसाहारी कसलं काय नसतं ना?" एवढंच तिनं विचारलं. माझं जिवाणूंपासून आंबवून केलेलं, हे मी खात्रीनं सांगितलं. गुडघ्याची काही इंजेक्शनं कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, हे सांगितलं नाही. तिची फाइल काढून पाहिली तर केस पेपरवर, न मागता, हाडांच्या डॉक्टरांनी स्टिकर चिकटवून दिलेला. माझ्या तिन्हींची प्रिंट काढून मी त्याच फाइलमध्ये, तिच्या मागच्या पानाला लावली आहे.