सराफाची कसोटी की दहापट भिंग?

जुनं दिसणारं नाणं हाती लागलं की ते अस्सल की नक्कल हे बघायला नाशिककराचे पाय आपसूक सराफ बाजाराकडे वळतात. दुसरा मार्ग म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घेऊन घरीच खिडकीपाशी बसायचं. दोन्ही करून झालंय. दोन्ही करायला हरकतही नाही, पण आधी काय करता यावर बरंच अवलंबून आहे.

सराफाचा फायदा उघड आहे. मशीनवर नाणं ठेवलं की मिनिटभरात टंच, म्हणजे धातू किती शुद्ध ते कळतं. चांदीचा पातळ मुलामा दिलेलं पितळ तिथल्या तिथे उघडं पडतं. इंग्रजांच्या काळातला रुपया असेल तर माझं मत सरळ सराफाच्या बाजूने आहे. 1939 पर्यंतच्या रुपयात 91.7 टक्के चांदी, 1940 पासून निम्मी, आणि 1947 च्या रुपयात चांदी नाहीच, नुसतं निकेल. वर्ष आणि टंच जुळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

गाडी अडते ती खरोखर प्राचीन म्हणवणाऱ्या नाण्यापाशी. नक्कल करणारा चांदी खरीच वापरतो. दोन-तीन ग्रॅम चांदीची किंमत ती काय, आणि नाण्याची मागतात किती! त्यामुळे मशीन ‘चांदी’ म्हणालं तरी आपण होतो तिथेच. शिवाय मशीन वाचतं वरचा थर, आणि शेकडो वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचा वरचा थर आतल्यासारखा असेलच असं नाही.

तेवढ्यावर मी सराफाला मागे टाकलं नसतं. मला खटकलं ते कस लावणं, म्हणजे कसोटीच्या दगडावर घासून धातू पारखणं. नक्षी बिघडू नये म्हणून नाणं कडेने दगडावर घासतात. हेतू चांगलाच, दागिन्यांना ते ठीकही आहे. पण ओतीव नक्कल पकडायची पहिली जागा म्हणजे नेमकी ती कड! साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक रेघ राहते, आणि ती घालवायला कानस फिरवली तर कानशीचे समांतर ओरखडे राहतात. माझ्या एका क्षत्रप, म्हणजे प्राचीन शक राजांच्या नाण्याची कड एका दुकानात अशीच घासली गेली. वर तेजाबाचा थेंब, आणि “चांदी चोख आहे, साहेब.” चांदीबद्दल मला शंका नव्हतीच. आता त्या बाजूला चकचकीत पट्टा आहे, आणि तिथे आधी रेघ होती की नव्हती हे कोणालाच सांगता येणार नाही.

भिंगाचा मोठा गुण माझ्या लेखी हाच, की त्याने नाण्याचं काही जात नाही. दिसतंही पुष्कळ. नाशकात नहपान या क्षत्रप राजाचं म्हणून काहीही गळ्यात मारतात, कारण नाव ओळखीचं आहे. पांडवलेणीत त्याच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे आणि 1906 साली जोगलटेंभीला 13 हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. असं नाणं भिंगाखाली बघण्यासारखं असतं. सातकर्णीच्या ठशातल्या चैत्याच्या, म्हणजे कमानींच्या डोंगरासारख्या चिन्हाखालून नहपानाचं नाक किंवा गाल डोकावतो, ग्रीक अक्षरांची रांग काठाशी अर्धवट उरते. वरचा ठसा जिथे जोरात बसला तिथे खालचं चित्र दबून पसरलेलं, आणि वरच्या रेषा त्यामानाने टोकदार. ओतीव नकलेत मात्र वरचं आणि खालचं दोन्ही सारखंच गुळगुळीत, साबणाच्या वापरलेल्या वडीवरच्या अक्षरांसारखं. सपाट भागात बुडबुड्यांचे बारीक खड्डे किंवा पुटकुळ्या दिसल्या तर मी नाणं परत करतो.

विकणाऱ्याकडे तशीच दोन-तीन नाणी असतील तर सगळी मागून घ्या. हाताने पाडलेल्या नाण्यांवर ठसा प्रत्येक वेळी थोडा सरकतो. दोन नाण्यांवर तोच ठसा तितकाच सरकलेला आणि काठाची चीरही त्याच जागी, असं दिसलं तर दोन्ही एका साच्यातून आली म्हणून समजा.

काट्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आहत नाणं, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर वेगवेगळे छाप ठोकलेलं प्राचीन नाणं, साधारण 3.4 ग्रॅमचं, नहपानाचं दोनच्या थोडं वर. झीज धरूनही वजन फारच चुकलं तर संशय घ्यावा, पण जुळलं म्हणून नाणं खरं ठरत नाही. तांब्याच्या नाण्यावरची हिरवी पुटं संशयास्पद वाटली तर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच टेकवून बघा. रंगवलेलं असेल तर बऱ्याचदा बोळा हिरवा होतो. चिंच आणि पितांबरी मात्र देवघरातल्या तांब्यापुरतीच ठेवा.

ईस्ट इंडिया कंपनी, 1818, आणि मागे हनुमान किंवा रामदरबार, अशा नाण्याला भिंगही नको आणि सराफही नको. कंपनीने तसली नाणी कधी काढलीच नाहीत. तांदूळ स्वतःकडे ओढणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याबद्दल (तीही फसवणूकच) कोणी बोलायला लागलं तर चहा घेऊन निघून या.

भिंगाची अडचण अशी की नजर तयार व्हावी लागते आणि त्यासाठी अस्सल नाणी पुष्कळ पाहावी लागतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे; आपल्याला एवढ्या जवळ ही सोय आहे हे बऱ्याच नाशिककरांच्या गावीही नसतं. वेळेची चौकशी करून जा. फारसी अक्षरं दिसली की ‘मोगलांचं’ म्हणायची सवयही तिथे जाते, कारण मराठ्यांच्या रुपयांवरही फारसीत मोगल बादशाह शाह आलमचं नाव असायचं. अलीकडे ठसा कोरून, ठोकून पाडलेल्या नकला येतात. त्या घरगुती भिंगाला दाद देत नाहीत, तिथे जाणकाराचीच नजर हवी. किंमत मोठी सांगत असतील तर मीही स्वतःच्या डोळ्यांवर विसंबत नाही.

सापडलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी. शेतात किंवा पाया खणताना साठा लागला तर 1878 च्या कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. भिंग, सराफ सगळं नंतर.

आणि एवढं करून टंच हवाच असेल तर नाणं हातातून सोडण्याआधी सराफाला सांगा, “फक्त मशीनवर ठेवा, कस लावू नका.” नंतर सांगून उपयोग नाही, दगड गल्ल्याशेजारीच असतो.