अल्फा अभ्यासक्रम: शंकेखोर विश्वासणाऱ्याच्या नजरेतून

ख्रिस्ती विश्वासाविषयी मोकळेपणाने प्रश्न विचारता यावेत म्हणून चालवल्या जाणाऱ्या उपक्रमांत अल्फा हा बहुधा सर्वांत परिचित आहे. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये १९७७ साली तो नव्या विश्वासणाऱ्यांसाठी सुरू झाला आणि १९९० मध्ये तेथील धर्मगुरू निकी गंबेल यांनी सूत्रे हाती घेतल्यानंतर त्याचा रोख चर्चबाहेरच्या, साशंक माणसांकडे वळला. आमच्या शहरातील एका मंडळीने (चर्चने) तो आयोजित केला, तेव्हा मी त्यात सुरुवातीपासून अखेरपर्यंत सहभागी झाले.

दर आठवड्याला एकत्र जेवण, मग व्याख्यान किंवा चित्रफीत आणि शेवटी लहान गटात चर्चा, असा क्रम असतो. गटप्रमुखाने उत्तरे द्यायची नसतात. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारून इतरांना बोलते करायचे असते. संडे स्कूलमध्ये वचने पाठ करत आणि ‘देवाच्या वचनावर शंका घेऊ नये’ हे ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना या शिस्तीचे मोल चटकन कळेल. आमच्या गटातील एका तरुणीने सांगितले की, वडिलांच्या आजारपणात सगळी मंडळी उपास धरून प्रार्थना करत होती, तरीही ते गेले, आणि तेव्हापासून उपासनेतील गीते तिच्या तोंडून फुटत नाहीत. गटप्रमुख बाईंनी एखादे वचन सांगून तिची समजूत घातली नाही. त्यांनी तिला वडिलांविषयी विचारले, ती बराच वेळ बोलली, आणि त्यानंतर एका वयस्कर गृहस्थांनी ८८वे स्तोत्र वाचून दाखवले, ज्याचा शेवटही अंधारातच होतो. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, हे गटातील कित्येकांच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आले.

व्याख्यानांविषयी मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. येशू कोण, तो का मरण पावला, विश्वास कसा ठेवावा, प्रार्थना का व कशी करावी, हे विषय आधीच ठरलेले असतात आणि प्रत्येक व्याख्यान एका ठरलेल्या उत्तरावर येऊन थांबते. ज्या दुःखाच्या प्रश्नाने माणसांचा विश्वास सर्वाधिक हलतो, त्याला मूळ मालिकेत स्वतंत्र स्थान नाही. येशूने स्वतःविषयी केलेले दावे पाहता तो एक तर लबाड, नाही तर वेडा, नाही तर खरोखरच प्रभू असला पाहिजे, या युक्तिवादावर बराच भर आहे. परंतु मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत येशू स्वतःविषयी इतक्या वेगळ्या रीतीने का बोलतो, असे विचारणाऱ्या वाचकाचे त्याने समाधान होत नाही. पवित्र आत्म्याविषयीच्या सत्रांत प्रार्थनेतून थेट अनुभव घेण्याचे निमंत्रण दिले जाते, ते मला घाईचे वाटले, कारण देव आहे की नाही याविषयीच जो चाचपडत आहे त्याला अशा वेळी मागे राहणे अवघड जाते.

आपल्याकडचा एक मोठा आधार या साहित्यात नाही, आणि तो आयोजकांनी स्वतःहून जोडावा असे मला मनापासून वाटते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्रैक्याविषयी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीविषयी) आणि चर्चच्या अधिकाराविषयी तेथील मठातील आपल्या शिक्षक भगिनींशी पत्रांतून निर्भीड वाद घातला, आणि पुढे याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर केले. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून शिष्यांकरवी येशूलाच विचारतो की, येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. आणि ते शिष्य निरोप घेऊन निघताच येशू लोकांसमोर योहानाची थोरवी सांगतो. शंकेविषयीच्या चर्चेची सुरुवात या अध्यायापासून झाली असती, तर गटातील अर्धे अवघडलेपण पहिल्याच आठवड्यात गेले असते.

ज्यांना आपली शंका कोणासमोर तरी बोलायची आहे, त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा. ऐतिहासिक किंवा तात्त्विक प्रश्नांची सखोल उत्तरे हवी असणाऱ्यांनी त्याच्या जोडीला एखाद्या ईशज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) प्राध्यापकाशी बोलावे. नाव नोंदवण्यापूर्वी गट कोण चालवणार आहे आणि चर्चा मराठीत होणार का, एवढे आयोजकांना जरूर विचारावे, कारण वडिलांच्या मृत्यूविषयी ती तरुणी जे बोलली, ते तिला इंग्रजीत बोलता आले नसते.